फिरवणारा जोर: चाकाच्या नटापासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत

हायवेकडेच्या पंक्चरवाल्यापाशी एक वस्तू हमखास सापडते. दोन हात लांबीचा, गंज चढलेला लोखंडी पाइप. ट्रकच्या चाकाचा नट असा काही गच्च बसलेला असतो की पान्यावर दोघं लोंबकळले तरी ढिम्म हलत नाही. मग पान्याच्या दांड्यावर हा पाइप चढवायचा, पार टोकाला धरून दाबायचं, आणि नट 'कट्' करून सुटतो. माणूस तोच, पाना तोच, नटही तोच. मग जास्तीची ताकद आली कुठून?

'लांबून जोर लावला की जास्त लागतो' हे उत्तर कुणीही देईल. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कळलं की सायकलचं पॅडल, भाजीवाल्याचा काटा, सिलिंडर उचलताना भरलेली कंबर आणि चढावर पुढची चाकं हवेत गेलेला उसाचा ट्रॅक्टर, या सगळ्यांचा हिशेब एकाच रीतीने मांडता येतो.

एखादी वस्तू एका जागी अडकवलेली किंवा टेकलेली असेल, तर जोर लावल्यावर ती सरकत नाही, त्या जागेभोवती फिरू पाहते. त्या जागेला टेकू म्हणू. फिरवण्याचा हा परिणाम किती मोठा, हे मोजणाऱ्या राशीला पुस्तकात परिबल म्हणतात आणि गॅरेजमध्ये टॉर्क. हिशेब एका ओळीचा आहे: जोर गुणिले टेकूपासूनचं अंतर. जोर न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजलं की परिबल न्यूटन-मीटरमध्ये येतं. न्यूटन म्हणजे किती याचा अंदाज हवा असेल तर किलोभर साखरेची पिशवी तळहातावर ठेवा. ती साधारण 10 न्यूटनने खाली दाबते. नेमका आकडा 9.8 आहे, पण पुढे सगळीकडे 10 च धरतो.

आता नट. छोट्या मोटारगाडीच्या चाकाचे नट साधारण 80 ते 120 न्यूटन-मीटरने आवळलेले असतात. मधला 100 चा आकडा घेऊ. पाव मीटर लांबीच्या पान्याने हा नट सोडवायला 400 न्यूटन जोर हवा, म्हणजे 40 किलोचं वजन टोकाला टांगल्याएवढा. पाइप चढवून लांबी पाऊण मीटर केली की काम 133 न्यूटनवर येतं, जेमतेम 13-14 किलो. ताकद कुठून आली, या प्रश्नाचं उत्तर असं की ती आलीच नाही. नटाला तेवढंच फिरवायचं तर हाताला आता तिप्पट लांबीचा फेरा मारावा लागतो. जोर वाचला तो अंतराच्या रूपात चुकता झाला.

पुरेशी लांब दांडी द्या, पृथ्वी हलवून दाखवतो, असं आर्किमिडीज म्हणाल्याचं सांगतात. त्याचा हिशेब कुणी करत नाही. पृथ्वीचं वस्तुमान सहावर 24 शून्यं इतके किलो. तेवढं ओझं 60 किलोच्या माणसाने तोलायचं, तर त्याच्या बाजूची दांडी दुसऱ्या बाजूच्या एकावर 23 शून्यं इतकी पट लांब लागेल. ओझं एक मिलिमीटर उचलायला त्याला आपलं टोक दहा हजार प्रकाशवर्षांहून जास्त खाली न्यावं लागेल. तत्त्व बिनचूक आहे, फक्त म्हाताऱ्याला वेळ पुरला नसता.

पाइपाचा एक तोटाही सांगायला हवा. तो सोडवायला ठीक, पण आवळायलाही तोच वापरला तर कळतही नाही आणि दुप्पट-तिप्पट परिबल लागून जातं. मग आटे जातात, नाहीतर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जाऊन पुढे कधीतरी तुटतो. म्हणून चांगल्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच असतो. त्यावर आकडा लावून ठेवला की तेवढं परिबल झाल्यावर तो 'टक्' करतो, आणि तिथे हात थांबवायचा असतो.

अंतर मोजायचं कुठून कुठवर?

इथे बहुतेकांची गाडी अडते. शाळेत 'जोर गुणिले अंतर' पाठ होतं, पण कुठलं अंतर ते डोक्यात बसत नाही. जिथे हात लावला तिथपासून टेकूपर्यंतचं, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही.

सायकल घ्या. पॅडलची दांडी, जिला क्रँक म्हणतात, साधारण 17 सेंटिमीटरची असते. 60 किलोचा माणूस एका पॅडलवर आपला सगळा भार टाकून उभा राहिला, म्हणजे 600 न्यूटन, सरळ खाली. क्रँक आडवी असताना परिबल येतं 600 गुणिले 0.17, म्हणजे 102 न्यूटन-मीटर. भरपूर झालं. आता तीच क्रँक बरोबर उभी करा, पॅडल सगळ्यात वर. माणूस तोच, भार तोच, पॅडलपासून आसापर्यंतचं अंतर तेच 17 सेंटिमीटर. कितीही उड्या मारा, सायकल इंचभर पुढे जाणार नाही. परिबल शून्य.

कारण मोजायचं अंतर हे हाताच्या किंवा पायाच्या जागेपर्यंतचं नसतं, जोराच्या रेघेपर्यंतचं असतं. जोर ज्या दिशेने लागतोय त्या दिशेला मनात एक सरळ रेघ ओढा, पुढे-मागे हवी तेवढी लांबवा, आणि टेकूपासून त्या रेघेवर लंब टाका. त्या लंबाची लांबी हेच आपलं अंतर. पॅडल वर असताना माणसाच्या भाराची उभी रेघ थेट आसातूनच जाते. लंब उरतच नाही. पॅडल त्या जागेवरून 30 अंश पुढे गेलं की लंब साडेआठ सेंटिमीटरचा होतो आणि परिबल 51. आडव्या क्रँकला तो पूर्ण 17 चा. चढावर उभं राहून सायकल मारणारा प्रत्येक फेऱ्यात दोनदा या मेलेल्या जागेतून जातो. तिथून त्याला पुढे ढकलते ती आधीची गती.

माझ्या मते या विषयात समजून घ्यायची गोष्ट एवढी एकच आहे. बाकी सगळं गुणाकार-बेरीज. दाराची कडी धरून दार बिजागरीच्या दिशेने, दाराच्याच पातळीत ढकला. कडी बिजागरीपासून कितीही लांब असू दे, दार उघडत नाही. रेघ बिजागरीतून गेली.

जाता जाता, बाइकच्या जाहिरातीतल्या टॉर्कबद्दल. तोही हाच, इंजिनाच्या दांड्यावरचा. जुन्या माहितीपत्रकात तो केजीएममध्ये, म्हणजे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला 9.8 ने गुणलं की न्यूटन-मीटर. पण 'जास्त टॉर्क म्हणजे जास्त ताकदीची गाडी' असं सरसकट म्हणता येत नाही. ताकद, म्हणजे पॉवर, ही टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून येते. 20 न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला 6000 फेऱ्यांवर मिळत असेल तर ती सुमारे साडेबारा किलोवॅट, म्हणजे 17 हॉर्सपॉवर. तोच टॉर्क 3000 फेऱ्यांवर मिळाला तर ताकद निम्मी. पहिल्या गियरमध्ये चाकापाशी टॉर्क वाढतो तो फेऱ्या कमी करून, पाइपासारखाच सौदा.

काटा मारणं, आकड्यांत

वस्तू फिरत नाही, स्थिर आहे, याचा अर्थ तिच्यावर परिबल नाही असा होत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवणारी सगळी परिबलं आणि उलट दिशेने फिरवणारी सगळी परिबलं सारखी आहेत, एवढाच होतो. तराजू यावरच चालतो. टेकू मधोमध, दोन्ही बाजूंची दांडी सारखी, म्हणून सारखी वजनं सारखं परिबल देतात.

मधोमध नसेल तर? समजा वजनाच्या बाजूची दांडी 24 सेंटिमीटर आहे आणि मालाच्या बाजूची 25. डोळ्याला एक सेंटिमीटरचा फरक दिसतो थोडाच. एक किलोचं माप टाकलं की 1000 गुणिले 24 म्हणजे 24,000. दुसरीकडे 25 ने गुणून तेवढेच यायला माल किती लागेल? 960 ग्रॅम. काटा एकदम सरळ, मापावर सरकारी शिक्का, आणि गिऱ्हाइकाचे किलोमागे 40 ग्रॅम गेले.

यावर एक छान तोड आहे, गणितज्ञ गाउसच्या नावाने ओळखली जाते. पारडी बदलून दुसऱ्यांदा तोलायचं. पहिल्यांदा ज्या पारड्यात माल होता त्यात आता माप, मापाच्या जागी माल. या वेळी काटा सरळ व्हायला 1042 ग्रॅम माल लागेल. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तिथेच काट्यात खोट आहे हे उघड. 960 आणि 1042 यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, बरोब्बर 1000 येतात. बाजारात वर्गमूळ कोण काढत बसणार, पण पारडी बदलायला सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्यांना काटा मारण्याच्या तऱ्हा वेगळ्या.

कंबर का भरते

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच. म्हणजे भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास, 300 न्यूटन. गुडघे ताठ ठेवून वाकायचं आणि हात लांब करून तो उचलायचा, ही आपली नेहमीची पद्धत. अशा वेळी सिलिंडरच्या भाराची रेघ कमरेच्या मणक्यापासून सहज 40 सेंटिमीटर पुढून जाते. परिबल 120 न्यूटन-मीटर, तुम्हाला पुढे पाडू पाहणारं.

त्याला तोलून धरतात पाठीचे स्नायू. आणि ते मणक्याच्या मधल्या भागापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे आहेत. तेवढ्याशा अंतरावरून 120 न्यूटन-मीटर द्यायचे तर स्नायूंना 2400 न्यूटन ओढ लावावी लागते. म्हणजे 240 किलो. हे झालं फक्त सिलिंडरचं. वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. आणि स्नायूंची ही सगळी ओढ मणक्यामधल्या चकत्यांना दाबते.

तोच सिलिंडर गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून उचलला तर रेघ 20 सेंटिमीटरवर येते. ओढ निम्मी. वजन एक ग्रॅमनेही कमी झालेलं नाही. डोक्यावर घागर नेणाऱ्या बाईचं ओझं याहून वेगळं नसतं, पण त्याची रेघ मणक्याला धरूनच खाली जाते. मानेवर आणि गुडघ्यांवर दाब येतो, कंबरेला फिरवणारं परिबल मात्र जवळपास नसतं.

शरीराची रचना इतकी तोट्याची का, असा प्रश्न पडतो. स्नायू सांध्यापासून लांब जोडले असते तर जोर वाचला असता. पण मग हात हलले असते संथपणे. कोपरापासून 4 सेंटिमीटरवर जोडलेला स्नायू एक सेंटिमीटर आखडला की 32 सेंटिमीटरवरचा तळहात आठ सेंटिमीटर उचलला जातो. आपले सांधे जोर मोजून वेग विकत घेतात. सिलिंडर उचलायला वाईट, दगड भिरकवायला उत्तम.

ट्रॅक्टर पुढून का उचलतो

गाळप हंगामात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या रस्त्यांवर हे दृश्य नेहमीचं. ट्रॉली उसाने काठोकाठ भरलेली, पूल किंवा घाटाचा चढ आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतात. स्टेअरिंगचा उपयोग संपतो, आणि मुरलेला ड्रायव्हर मागच्या चाकांचे डावे-उजवे ब्रेक वेगवेगळे दाबून ट्रॅक्टर वळवतो. ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक असतात म्हणून हे जमतं. बघ्यांना कौतुक वाटतं. मला हिशेब आठवतो आणि धडकी भरते.

टेकू आहे मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा. ट्रॅक्टर समजा 2000 किलोचा, आणि त्याचा गुरुत्वमध्य, जिथे सगळं वजन एकवटलं असं धरता येतं तो बिंदू, मागच्या आसाच्या 80 सेंटिमीटर पुढे. पुढची चाकं जमिनीवर दाबून ठेवणारं परिबल झालं 20,000 गुणिले 0.8, म्हणजे 16,000 न्यूटन-मीटर. ही आपली शिल्लक.

ती खाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो. तो 800 किलो धरू, टेकूच्या 75 सेंटिमीटर मागे: 6,000. दुसरी, ट्रॉलीची मागे ओढ. 8 टनांची ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर फार ओढत नाही, 3,000 न्यूटन समजा. या ओढीची रेघ आडवी, जमिनीपासून हुकाच्या उंचीवर, अर्ध्या मीटरवर. परिबल 1,500. एकूण 7,500 विरुद्ध 16,000. निवांत.

आता दहाला एक असा चढ येतो. ओढीत थेट 8,000 न्यूटनची भर पडते, ती 11,000 होते आणि तिचं परिबल 5,500. शिवाय ट्रॅक्टर मागे कलल्यामुळे गुरुत्वमध्याची उभी रेघ टेकूच्या सात-आठ सेंटिमीटर जवळ सरकते. शिल्लक 16,000 वरून साधारण 14,500 वर येते. समोर 11,500. अजून चाकं जमिनीवर आहेत, पण आता क्लच झटक्यात सोडून क्षणभर ओढ दीडपट झाली तर हिशेब जवळपास बरोबरीवर येईल.

याच चढावर हुक 50 ऐवजी 90 सेंटिमीटर उंचीवर असेल तर ओढीचं परिबल 9,900 होतं, हुकावरच्या भाराचे 6,000 मिळून 15,900. ट्रॅक्टर उचलला. किंवा हुक जागेवरच आहे, पण ऊस ट्रॉलीत पुढे दाबून भरलाय आणि हुकावर 800 ऐवजी 1200 किलो आलेत. मग 9,000 आणि 5,500 मिळून 14,500. बरोबर काठावर. उसाचा एक कांडकाही जास्त नाही, इंजिनही तेच. नुसता माल पुढे सरकला.

बैलगाडी भरणाऱ्याला हे कागदाशिवाय कळतं. माल मागे गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते, पुढे गेला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. अनुभवी माणूस भरताना जू हाताने उचलून बघतो. ट्रॉलीच्या हुकाला तो अंदाज हाताने घेता येत नाही, म्हणूनच घोटाळा होतो. पुढे बंपरवर लोखंडी वजनं लावणं हा बरा उपाय, कारण तिथे ती टेकूपासून तीन मीटरच्या आसपास असतात: 100 किलो लावले की शिल्लक जवळपास 3,000 ने वाढते. बॉनेटवर माणसं बसवूनही शिल्लक वाढते, पण ट्रॅक्टर उलटला तर सगळ्यात आधी जातात ती माणसं.

सगळ्यात वाईट प्रकार चिखलात. मागची चाकं रुतली, फिरेनात, आणि ड्रायव्हर पुढच्या गियरमध्ये रेस देत राहिला. इंजिन आसाला फिरवू पाहतंय, आस फिरत नाही, मग आसाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. काही जण चाकाला आडवं लाकूड बांधतात, म्हणजे चाक फिरायचा राहिलेला मार्गही बंद. पुढचा भाग वर जाऊ लागला की गुरुत्वमध्याची रेघ टेकूजवळ येत जाते, म्हणजे खाली दाबणारं परिबल दर क्षणाला घटतं, उचलणारं तसंच राहतं. त्यामुळे सुरुवातीला हळू वाटणारी हालचाल एकदम वेग घेते. रेघ टेकूच्या मागे गेली की ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनच त्याला उलथवतं. हे सगळं सेकंदभरात होतं. उडी मारायला वेळ मिळत नाही. जमलं तर क्लच दाबणं एवढंच हातात असतं, आणि तेही पुढचा भाग उचलायला लागल्या लागल्या. रुतलेला ट्रॅक्टर निघतो तो चाकापुढची माती उकरून आणि रिव्हर्समध्ये.

साखळी कुठे बांधायची, हाही याच हिशेबातला प्रश्न. आसाच्या खाली, मागे आलेल्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या लोखंडी दांड्याला, बांधली असेल तर पुढचा भाग उचलताच ड्रॉबार खाली जातो, ओढीची रेघ जमिनीजवळ येते आणि उलथवणारं परिबल आपोआप कमी होतं. आसाच्या वर, आसाला लागून बांधली तर ती जागा जवळपास खाली येतच नाही, आणि ओढ पहिल्याइतक्याच उंचीवरून मागे खेचत राहते.